सोलापुरात झाडं जगवताना : कामाच्या नोंदी, मे २०२३ ते जुलै २०२४

८ मे २०२३

काम असं : शहराच्या पूर्वेला, विडी कामगारांच्या वसाहतींच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला आणि दोन मोकळ्या जागांवर मिळून २०० झाडं लावायची. ते करता करता दहावी-बारावीपाशी शिक्षण थांबलेल्या नऊ पोरापोरींना झाडांचं काम शिकवायचं. निधी एका कारखान्याच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशांतून. शिकवायला एक निवृत्त माळी आहेत. पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही.

वेळ सकाळी सात ते अकरा, विद्यावेतन दिवसाला २५० रुपये. हा आकडा ठरवताना घरोघरी विचारलं. पोरगी घरी बसून आईबरोबर विड्या वळते तेव्हा आठवड्याला हातात काय पडतं, पोरगा यंत्रमागावर मदतनीस लागला तर काय मिळतं, ते आधी पाहिलं. त्याहून कमी देऊन 'पण प्रमाणपत्र मिळेल' असं सांगणं म्हणजे त्यांना येडं समजणं. रोजगार हमीचा यंदाचा दर २७३ रुपये आहे, पण ती योजना गावासाठी, शहरातल्या पोरांना तिचा उपयोग नाही.

मियावाकी, म्हणजे जपानी पद्धतीचं दाट जंगल करा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं तेवढ्या दाटीला पाणी. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे हे कुणाच्या जिवावर करायचं? विषय बंद केला.

१७ मे

जागा पाहिल्या. एका मोकळ्या जागेत काळी माती हात-दीड हात आणि खाली मुरूम. दुसरीकडे वरच मुरूम, त्यात चुनखडीचे पांढरे खडे. रस्त्याकडेला तर भराव आहे : विटांचे तुकडे, प्लास्टिक, कुठे कुठे जुना डांबराचा थर.

पोरांनी हाताने खड्डे घेऊन पाहिले. दोन फूट लांब, रुंद, खोल. काळ्या मातीत जमलं. मुरमात पहार मारून मारून एकाचे दिवसाला दोन-तीन खड्डे होत होते, आणि तेही सकाळी दहापर्यंतच, कारण त्यानंतर उन्हात उभं राहवत नाही. जेसीबी सांगितला. तासाला ११०० रुपये.

२३ मे

जेसीबीने दोन दिवसांत खड्डे उरकले. सोबत एका घराची नळाची पाइपही उरकली. प्लंबर, जोड आणि त्या घराला दोन दिवस टँकरचं पाणी असे २१०० रुपये गेले. पुढच्या वेळी खड्ड्याची खूण करण्याआधी त्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या माणसाला सोबत घ्यायचं. पाइप कुठून गेलीये हे कागदावर नसतं, त्यांना पाठ असतं.

दुसरी गोष्ट मामांनी दाखवली. काळ्या मातीत जेसीबीची बकेट खड्ड्याच्या भिंती घासत वर येते, तेव्हा भिंती लिंपून काढल्यासारख्या गुळगुळीत होतात. उन्हात त्या वाळल्या की मडक्यासारख्या टणक. मूळ त्यातून बाहेर जात नाही, खड्ड्यातच गोल फिरत राहतं, आणि पाणीही बाहेर मुरत नाही. पोरांनी खड्ड्यात उतरून कुदळीने चारही भिंती खरवडल्या, तळाला पहारीने भोकं पाडली. दोन दिवस यात गेले. खड्डे यंत्राने घेतले तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो, तेव्हा त्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी.

३० मे

शेणखताच्या तीन ट्रॉल्या आल्या, प्रत्येकी ३८००. एक ट्रॉली नीट कुजलेली नव्हती. हातात घेतलं तर गरम, वास ताज्या शेणाचा. परत पाठवायला हवी होती, पण ५ जून जवळ आला होता, तेव्हा 'चालतंय' म्हणून घेतली. ते चाललं नाही. पुढे डिसेंबरच्या नोंदीत येईल.

५ जून

पर्यावरण दिन. निधी देणाऱ्यांना आजच कार्यक्रम हवा होता. मंडप, सत्कार, फोटो. फोटोत रोप दिसायला हवं म्हणून आंध्रातून दहा फुटी रोपं मागवली होती : ६० नग, प्रत्येकी ४५०, वर गाडीभाडं ८०००. आज ती सगळी लागली. दुपारी पारा चाळिशीच्या पुढे.

मामा मंडपात आलेच नाहीत. टँकरपाशी उभे होते. म्हणाले, "मिरगाच्या आधी झाड लावणं म्हंजे लग्नाआधी बारसं."

२६ जून

पाऊस नाही. मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच बसला. काल एकाच दिवशी मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे पोचल्याच्या बातम्या आहेत. आमच्याकडे वारा आणि धूळ.

साठातल्या वीसेक रोपांची पानं पूर्ण गळाली. पाणी तर घालतोय, मग का? मामांनी एक मेलेलं रोप उपटून पोरांसमोर ठेवलं. पिशवीतल्या लाल मातीचा गोळा जसाच्या तसा, विटेसारखा. बाहेरची काळी माती ओली, आत गोळा कोरडा ठणठणीत. वरून घातलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून खाली जातंय. गोळा फोडला तर आत मुळं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी घेतलेली. म्हणजे रोप कैक महिने त्याच पिशवीत अडकून पडलेलं, वरून उंची, खाली काही नाही.

उरलेल्या रोपांना काय केलं : गोळ्याच्या कडेने चार ठिकाणी सळई खुपसून भोकं पाडली आणि पाणी आळ्यात न ओतता थेट खोडापाशी, मग्याने, थांबून थांबून घातलं. एका रोपाला दहा मिनिटं लागतात. पोरं कंटाळली, पण त्यानंतर गळती मंदावली.

उरलेली १४० रोपं मागवायची ऑर्डर थांबवली. निधीवाल्यांकडून 'लक्ष्य कधी पूर्ण होणार' अशी विचारणा सुरू झाली आहे.

१९ जुलै

तीन पोरं सोडून गेली. कारण झाडं नव्हेत, पैसे. निधीचा दुसरा हप्ता अडकला आणि विद्यावेतन सहा आठवडे थकलं. ज्या घरात दर आठवड्याला विड्यांच्या मजुरीवर वाणसामान येतं, तिथे 'पुढच्या महिन्यात एकदम देऊ' हे वाक्य चालत नाही. गेलेल्यांपैकी एक पोरगा हाताने फार चांगला होता, कलम पहिल्याच दिवशी जमलं होतं त्याला. आता तो एका मॉलच्या पार्किंगमध्ये आहे.

आम्ही चार जणांनी खिशातून पैसे घालून थकबाकी दिली, आणि नियम केला : पगार दर सोमवारी संध्याकाळी, रोख, मंगळवारच्या बाजाराआधी. निधीचा हप्ता आला नाही तर काम थांबेल, पण झालेल्या कामाचे पैसे थांबणार नाहीत. असं काही सुरू करणाऱ्याने दोन महिन्यांचं विद्यावेतन आधी बँकेत ठेवावं, रोपं नंतर घ्यावीत.

पोरी कमी का येतात तेही याच सुमारास कळलं. चार तास काम, जवळ मोरी-संडास नाही. मुलगे आडोशाला जातात. पोरी सकाळी पाणी न पिता येत होत्या, कुणी बोललं नव्हतं. एका पोरीच्या आईनेच शेवटी तोंड उघडलं. जागेसमोरच्या एका घराशी बोलून सोय केली, महिन्याला ३०० रुपये. साधी गोष्ट, पण आमच्या नियोजनाच्या कागदावर नव्हती, कारण कागद लिहिणारे सगळे पुरुष.

३१ ऑगस्ट

महिना कोरडा गेला. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट, असं हवामान खातं म्हणतंय. आमच्या खड्ड्यांकडे पाहून त्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्यात. भेग रुंदावली की तिच्यातून गेलेलं कोवळं मूळ तुटतं, आणि त्याच भेगेतून आतला ओलावाही उडून जातो.

आच्छादन सुरू केलं. शेजारच्या रसवंत्यांकडून उसाची चिपाडं फुकट मिळाली. नुसती टाकली तर मुंग्या आणि उंदीर येतात, म्हणून आधी आठवडाभर वाळवायची, मग खोडापासून वीतभर जागा सोडून चार बोटं जाड थर. बोट घालून पाहिलं तर थराखाली चौथ्या दिवशीही माती गार.

या रिकाम्या दिवसांत पोरांचं शिक्षण रोपवाटिकेत चाललं. करंजाच्या शेंगा, कडुनिंबाच्या निंबोळ्या, बहाव्याच्या बिया. निंबोळी ताजीच पेरावी लागते, ठेवली की तिची उगवणशक्ती जाते. बहाव्याचं बी उलट, टरफल इतकं टणक की घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय उगवत नाही. पोरांनी नोंदवहीत नावं आपापल्या घरच्या भाषेत लिहिलीत. करंजापुढे 'कानुगा', कुणी 'होंगे'. राहू दिलं. झाडाची चौकशी करायला येणारी म्हातारी माणसंही त्याच नावाने विचारतात.

१८ सप्टेंबर

उद्या गणपती. आज उरलेली १४० रोपं लावायला घेतली.

सोलापूरचा पाऊस जूनचा नाही. जूनमध्ये एखादा हप्ता, मग जुलै-ऑगस्टमध्ये ओढ, आणि वर्षातला सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबरात. म्हणून तर हा रब्बीचा जिल्हा. मालदांडी ज्वारी इथे उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या आगेमागे पेरतात, मृगावर नाही. शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेलं वेळापत्रक वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना मात्र लागू नसतं. राज्यभर एकच तारीख, मग ते महाबळेश्वर असो की मंगळवेढा.

या वेळची रोपं तीन-चार फुटी, स्थानिक रोपवाटिकेतली, काळ्या मातीत वाढवलेली, नगाला ९० रुपये. घेताना प्रत्येक लॉटमधल्या दोन पिशव्या फाडून मुळं पाहिली. रोपवाटिकावाला कुरकुरला. फाडलेल्या पिशव्यांचे पैसे दिले. कडुनिंब, करंज, आपटा, बहावा, शिरीष, चिंच आणि थोडे अंजन. ताम्हणाचा आग्रह आमच्यातल्या एका सदस्याचा होता, राज्यफूल म्हणून. दहा घेतली.

लावण्याची पद्धत पोरं आता मामांशिवाय करतात. पिशवी हाताने ओढायची नाही, ब्लेडने उभी चिरायची. गोळ्याच्या तळाची वेटोळी मुळं कात्रीने छाटायची. रोप पिशवीत होतं त्याच पातळीला ठेवायचं, खोडावर माती चढवायची नाही. काठी गोळ्यातून नाही, बाहेरून ठोकायची. माती पायाने दाबायची, पण नाचायचं नाही.

६ ऑक्टोबर

गणपतीच्या दिवसांत दोनदा बरा पाऊस झाला. नव्या रोपांनी जोर धरला. पण शेळ्या.

लोखंडी जाळीचे ट्री गार्ड परवडले नाहीत. जे दहा मिळाले होते त्यातले सहा भंगारात गेले, कोणी नेले ते सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी वेडी बाभूळ. नाल्याकडेला तिचं रान आहे, फुकट. काटेरी फांद्या रोपाभोवती उभ्या रोवायच्या आणि मध्ये सुतळी. शेळी तोंड घालत नाही, चोर हात घालत नाही. तोटा एकच, वाळलेल्या फांद्या वाऱ्याने रस्त्यावर येतात आणि सायकली पंक्चर होतात. महिन्याने आवळून बांधाव्या लागतात.

शेळ्या राखणाऱ्या बायकांशी भांडण झालं. त्यांचं म्हणणं, ही चरायची जागा होती, तुम्ही येऊन काटे लावले. त्यात खोटं काही नव्हतं. मोकळ्या जागेतला एक कोपरा लागवडीतून सोडला. त्यामुळे २०० ची जागा अपुरी पडली आणि १२ झाडं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागली.

३ नोव्हेंबर

३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. जिल्ह्यातले पाच त्यात आहेत. आमचा उत्तर सोलापूर तालुका नाही, पण पाणी त्याच उजनी धरणाचं.

पाण्याचं गणित आज फळ्यावर मांडलं. झाडाला आठवड्याला २० लिटर, २०० झाडं, म्हणजे ४००० लिटर, म्हणजे ५००० लिटरचा एक टँकर. सध्या दर ८००. मार्चपासून आठवड्याला दोनदा, आणि दर किती होईल कुणी सांगत नाही. निधीच्या मूळ अंदाजपत्रकात पाण्याची ओळ होती 'किरकोळ' या सदरात.

मडकी पुरून पाहिली. कुंभाराकडून ३० घेतली, नगाला ७०. पहिल्या लॉटमधली निम्मी झिरपतच नव्हती, फार भाजलेली. आता मडकं घेताना पाणी भरून तासभर ठेवायचं, बाहेरून ओल दिसली तरच घ्यायचं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास. बोअरच्या खारट पाण्याने दोन-तीन महिन्यांत छिद्रं बुजतात, मग मडकं उकरून घासावं लागतं. रस्त्याकडेला याचा उपयोग नाही, पोरं दगड मारतात. कुंपणातल्या जागेत चांगलं चालतं.

एका भल्या गृहस्थाने दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं आणून दिलं, थेंब थेंब पाण्यासाठी. परत केलं. वापरलेली सलाइन हा जैववैद्यकीय कचरा आहे, २०१६ च्या नियमांत बसत नाही, आणि पोरांच्या हातात नळीच्या सुया द्यायच्या नाहीत.

१४ डिसेंबर

वाळवी. अर्धवट कुजलेलं शेणखत जिथे जिथे गेलं, तिथे. आधी बांबूची काठी पोखरते, मग काठीवरून खोडाच्या सालीवर मातीचे बोगदे. एक करंज वरून हिरवागार होता, हात लावला तर जमिनीलगत मोडला. आतून पोकळ.

काठ्या बदलल्या, नव्या काठ्यांचं टोक जाळून काळं केलं. प्रत्येक आळ्यात निंबोळी पेंड पाव किलो. तीन ठिकाणी फार होती, तिथे औषध ओतावं लागलं, आणि ते मामांनीच हातमोजे घालून केलं, पोरांना दिलं नाही. पेंड, काठ्या, औषध मिळून ९४०० रुपये. वाईट खताची ट्रॉली परत पाठवली असती तर गाडीभाड्याचे ७०० गेले असते.

ताम्हणाची दहाही पिवळी पडली आहेत, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. कोकणातलं, ओढ्याकाठचं झाड आहे ते.

२४ जानेवारी २०२४

उजनी मृतसाठ्यात गेली, जानेवारीतच. टँकरचा दर १०००.

पिण्याचं पाणी झाडाला घालायचं नाही असं ठरलं. शुद्ध केलेलं सांडपाणी मिळवण्यासाठी अर्ज दिला आहे. अर्जाला तीन टेबलं आहेत.

११ एप्रिल

अर्ज सुटायला मार्च उजाडला. मधल्या काळात बोअरचा टँकर चालवला आणि तिथेच वाजलं. सकाळी साडेनऊची वेळ, त्या भागात सहा दिवस नळ आला नव्हता. टँकर गल्लीत शिरला तशी एक बाई घागर घेऊन थेट पुढच्या चाकासमोर येऊन उभी राहिली. "आमाला प्यायला न्हाई अन् तुमी झाडाला घालालाव व्हय?" मागे दहा-बारा घागरी. टँकरवर होती ती आमचीच पोरगी, त्याच वसाहतीतली. तिने कुणाला न विचारता पाइप खाली सोडली आणि घागरी भरून दिल्या. टँकर निम्मा झाला. उरलेलं पाणी झाडांना पुरलं नाही, सतरा रोपं त्या आठवड्यात कोरडी राहिली. त्यातली चार पुढे गेली.

तिने केलं ते बरोबर होतं. दुसरं काही केलं असतं तर त्या गल्लीत आम्हाला पुन्हा पाय टाकता आला नसता.

आता शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा टँकर येतो. दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगात 'सांडपाणी, पिण्यास अयोग्य' असं मराठी, तेलुगू आणि कानडीत रंगवून घेतलं, ६०० रुपये. वेळ पहाटे सहा. दारासमोरच्या झाडांपुरतं आणखी एक ठरलं : कपड्यांचं शेवटचं, विसळायचं पाणी घरातल्यांनी आळ्यात ओतायचं. पहिलं साबणाचं नको. कडुनिंब आणि करंज ते सोसतात.

७ मे

छाटणीचं काम मिळायला लागलं. पावसाळ्याआधी सोसायट्यांना फांद्या उतरवून हव्या असतात, आणि आजवर हे काम कोयता घेऊन येणारा कोणीही करायचा.

मामांनी महिनाभर हेच घोटून घेतलंय. जाड फांदी तीन कापांत : पहिला खालून, खोडापासून हातभर लांब, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे, म्हणजे फांदी आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदी जिथे खोडाला मिळते त्या फुगवट्याच्या बाहेरून. फुगवटा कापायचा नाही, जखम तोच भरतो. कापावर डांबर किंवा रंग फासायचा नाही. पोरांनी आधी जळणाच्या लाकडांवर सराव केला.

हत्यारं आणि सुरक्षा : दोन घडीच्या करवती, लांब दांड्याची एक, चार हेल्मेट, एक हार्नेस, दोर, चष्मे. एकूण ११,३०० रुपये. विजेच्या तारेजवळची फांदी, प्रवाह बंद केल्याची खात्री नसेल तर हात लावायचा नाही. हार्नेस एकच, म्हणून वर एकच जण.

शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, छाटणीलाही पत्र हातात असल्याशिवाय आम्ही करवत लावत नाही. दोन सोसायट्या म्हणाल्या, "करून टाका, कोण बघतंय?" सोडून दिल्या. एकीने मग कोयतेवाल्याकडून रेनट्रीचं मुंडण करून घेतलं.

तोटा कुठे झाला : पहिल्या चार कामांत फांद्या उचलायच्या टेंपोनेच कमाई खाल्ली, खेपेला १२००. झाडामागे आम्ही ७०० घेतले होते. मग पालापाचोळ्यासाठी त्याच शेळ्यावाल्या बायकांना सांगितलं. शिरीष, सुबाभूळ, पिंपळाचा पाला त्या सकाळीच येऊन बांधून नेतात. जाड लाकूड एक भट्टीवाला नेतो. टेंपो आता क्वचित लागतो. दर ९०० केला आणि उचलण्याचा खर्च वेगळा लिहून देतो.

१० जून

६ जूनला मान्सून सोलापुरात आला, यंदा वेळेवर आणि जोरात. काळ्या मातीच्या तुकड्यात खड्डे हौदासारखे भरले. पाणी दोन दिवस हटलं नाही. गेल्या वर्षी भिंती खरवडल्या, पण मुरमाचा तळ पुरेसा फोडला नव्हता. कडुनिंबाला थांबलेलं पाणी चालत नाही, तीन झोपले. आळी उलटी केली, म्हणजे खोडाजवळ उंचवटा आणि पाण्याला एका बाजूने चर. जे आळं एप्रिलमध्ये पाणी धरायला हवं तेच जूनमध्ये मारतं, तेव्हा हा बदल मेअखेरीलाच करून ठेवायचा.

२२ जून

मोजणी. पोरांनी केली, आम्ही फक्त मागे फिरलो. जिवंत म्हणजे काय यावर आधी वाद झाला. ठरलं : नखाने साल खरवडली तर आत हिरवं दिसायला हवं आणि या महिन्यात नवी पानं आलेली हवीत.

आंध्राची दहा फुटी ६० : जिवंत २७.
स्थानिक तीन-चार फुटी १४० : जिवंत ११४. गेलेल्या २६ मध्ये ताम्हणं आठ.
एकूण १४१.

आज शेजारी उभी केली तर ९० रुपयांचा कडुनिंब ४५० रुपयांच्या कडुनिंबाच्या खांद्याला लागलाय. अंजन मात्र वर जेमतेम हातभर वाढले. मामा म्हणतात, ते आधी खाली जातं, वरचं तिसऱ्या वर्षी बघा.

हिशेब, फक्त झाडांचा, विद्यावेतन वगळून : रोपं गाडीभाड्यासह ४७,६००. जेसीबी १४,३००. खत ११,४००. पाणी, नोव्हेंबर ते मे, ४६,८००. बाकी काठ्या, मडकी, वाळवी, पाइप, टँकरचा रंग वगैरे १९,०००. जिवंत झाडाला साधारण ९८६ रुपये पडले. पहिल्या ६० ऐवजीही लहान रोपं घेतली असती आणि सप्टेंबरात लावली असती, तर हा आकडा सातशेच्या खाली आला असता.

निधीवाल्यांच्या अहवालात '२०० झाडे लावली' असं आहे. आम्ही १४१ असं कळवलं. उत्तर आलं नाही.

१५ जुलै

नवातल्या तिघांनी आधीच सोडलं होतं. उरलेल्या सहापैकी एक पिंपरी-चिंचवडला बागकाम ठेकेदाराकडे, महिना १४,००० आणि राहायला जागा. एक त्याच रोपवाटिकेत, जिथे पिशव्या फाडल्या होत्या. आता तीच येणाऱ्या गिऱ्हाइकाला मुळं दाखवते म्हणे. एका पोरीचं लग्न ठरलं आणि काम सुटलं. तिघं छाटणी आणि पाण्याचं काम गट म्हणून करतात. मे-जूनमध्ये प्रत्येकाच्या हातात महिन्याला नऊ-दहा हजार आले. पावसाळ्यात छाटणी थांबते, जुलैची कमाई निम्म्याहून कमी.

ती दरी भरायला दोन सोसायट्यांशी वार्षिक करार केला. झाड लावण्याचे पैसे नाहीत, जगवण्याचे आहेत : झाडामागे १२०० रुपये, तीन हप्त्यांत. लावताना ३००, मार्चमध्ये जिवंत असेल तर ४००, पुढच्या सप्टेंबरात ५००. मेलं तर नवं रोप आमच्या खर्चाने. एक सेक्रेटरी म्हणाले, "हे तर विम्यासारखं झालं." सही केली. दुसऱ्यांना सगळे पैसे एकदम देऊन विषय संपवायचा होता, त्यांची समजूत काढायला दोन बैठका लागल्या.

राज्याने नुकतीच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आहे. बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा, सहा महिने. दुसऱ्या तुकडीसाठी पाहिली. आमच्याकडे नाव दिलेल्या अकरांपैकी सात जण दहावीच्या अलीकडचे, ते त्यात बसत नाहीत. चौघांचे अर्ज भरून दिले, बाकीच्यांचं विद्यावेतन पुन्हा निधीतूनच. या वेळी दोन महिन्यांचे पैसे खात्यात आल्याशिवाय तुकडी सुरू करणार नाही.

खड्डे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, लागवड सप्टेंबरात. खताची एक ट्रॉली मार्चपासून आणून झाकून ठेवली आहे, ४००० पडली. परवा हात घालून पाहिलं, गार आहे, वास मातीचा. आणखी एक लागेल.